दर डिसेंबरला ड्रमच्या तळाशी बसणारा पांढरा साका: झिरो झिरो पन्नास विरघळत का नाही?

द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायला लागलं की आमच्याकडे फोन सुरू होतात. तक्रार एकच, आणि ती ०:०:५० ची, म्हणजे ठिबकमधून सोडायच्या पोटॅशियम सल्फेट खताची. "भाऊ, ०:०:५० ची बॅग ड्रममध्ये ओतली, तासभर ढवळली, तरी तळाला चार बोटं पांढरा साका. वेंचुरी ओढत नाही. माल भेसळीचा दिसतोय." (वेंचुरी म्हणजे ड्रममधलं द्रावण ठिबकच्या लाईनमध्ये ओढून घेणारं साधन.) हीच मंडळी जूनमध्ये, खरड छाटणीनंतर काडी पिकवायला तेच खत त्याच ड्रममधून सोडतात. तेव्हा कुणाची तक्रार नसते.

मला हसायचा हक्क नाही, कारण दोन हिवाळे मीही हेच म्हणत होतो. दुसऱ्या वर्षी तर ड्रमच्या तळाचा ओला साका खरवडून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला आणि दुकानदाराच्या काउंटरवर नेऊन ठेवला. चार गिऱ्हाइकांसमोर त्याला नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, जूनमध्ये याच कंपनीच्या सहा बॅगा नेल्या होत्या तुम्ही. तेव्हा काही बोलला नाहीत." मोटरसायकलवरून घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत होतं. मी रसायनशास्त्रातला बीएस्सी. सोडियम, पोटॅशियम, अमोनियमचे क्षार पाण्यात विरघळतात, शंका घ्यायची ती बाकीच्यांवर, हा नियम मला झोपेतून उठवला तरी पाठ. आणि मीच पोटॅशियम सल्फेटला भेसळ म्हणत होतो.

घरी आल्यावर त्या पिशवीतला चमचाभर साका पेल्यात टाकला आणि वर कोमट पाणी ओतलं. दोन मिनिटं चमचा फिरवला. पेला स्वच्छ, तळाला काही नाही. म्हणजे खत चांगलं होतं. चुकत होतं ते आमचं पाणी आणि आमचं माप.

बॅगेवर '१००% विद्राव्य' लिहिलेलं असतं ते खोटं नाही. भरपूर पाणी दिलं तर मागे काही राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कितीही खत कितीही पाण्यात जिरेल, असा तो नाही. पाठ्यपुस्तकातला नियमही 'विरघळतं' एवढ्यावर थांबतो, किती ते सांगत नाही. शिवाय या घराण्यातही अपवाद आहेत. लिथियम हा अल्कधर्मी धातूंमधला सगळ्यांत धाकटा. त्याचा आयन इतका लहान की फ्लोराइड, कार्बोनेट, फॉस्फेट यांना घट्ट धरून बसतो, आणि हे तिन्ही क्षार पाण्यात फार थोडे विरघळतात. लिथियम कार्बोनेटची तर तऱ्हाच उलटी: पाणी तापवलं की ते आणखी कमी विरघळतं. पोटॅशियमचं परक्लोरेटशी असंच काहीसं आहे. सोडियम परक्लोरेट पाण्यात धो धो विरघळतं, पोटॅशियम परक्लोरेट मात्र २५ अंशाच्या १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम २ ग्रॅम. आपल्या शेतीत यातलं काही येत नाही, पण पोटॅशियम म्हटलं की विरघळणारच, असं धरून चालू नये एवढ्यासाठी सांगितलं.

आता आपल्या ड्रमकडे. पोटॅशियम सल्फेट, म्हणजे आपलं ०:०:५०, हे नेहमीच्या पोटॅश खतांमधलं सगळ्यांत हट्टी. १०० लिटर पाण्यात ते किती जिरतं पाहा. पाणी ३० अंशांचं असेल तर १३ किलो, २० अंशांना ११ किलो, १० अंशांना सव्वानऊ किलो आणि शून्याजवळ साडेसात किलोच्याही आत. २०० लिटरचा निळा ड्रम काठोकाठ भरला असं धरा. जूनमध्ये त्यात २६ किलो बसतं, म्हणजे २५ किलोची अख्खी बॅग जेमतेम मावते. मूठभर तळाशी राहिलं तरी कुणाच्या नजरेत येत नाही. डिसेंबरच्या पहाटे पाणी १० अंशांचं असेल तर त्याच ड्रममध्ये साडेअठरा किलोच बसतं. उरलेलं साडेसहा किलो तुम्ही संध्याकाळपर्यंत काठी फिरवलीत तरी तळालाच राहणार. आणि ढवळायला जागा हवी म्हणून ड्रम कोणी काठोकाठ भरतही नाही. १६० लिटरच पाणी असेल तर मर्यादा पंधरा किलोवर येते.

निफाडची थंडी वेगळी सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा हिवाळ्यात एक अंकी आला की पेपरात बातमी येते. ती वाचून आपण घडांची काळजी करतो. तोच पारा ड्रमलाही लागतो, हे मात्र डोक्यात येत नाही.

बरं, हे खत विरघळताना पाण्याची उष्णता ओढून घेतं. ०:०:५० चा फरक दोन-तीन अंशांचा असतो. खरा चोर १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. २०० लिटरमध्ये त्याची एक बॅग विरघळली तर पाणी साधारण १० अंशांनी उतरतं. हात घालून पाहा, बोटं बधिर होतात, ड्रमच्या बाहेरून दव धरतं. मी थर्मामीटर टाकून पाहिलं होतं: सकाळी शेततळ्याचं पाणी १४ अंश, बॅग संपेपर्यंत ५ च्या खाली. तसं हे खत ०:०:५० पेक्षा कितीतरी जास्त विरघळतं. २० अंशांना १०० लिटरमध्ये ३१ किलोच्या वर. पण शून्याजवळ तेच १३ किलोवर येतं. वेळ वाचवायला कोणी अर्ध्या ड्रममध्ये अख्खी बॅग ओतली तर खत आपलंच पाणी गार करत जातं आणि मध्येच अडतं. वरून दिसतं की विरघळायचं थांबलं, म्हणून माणूस आणखी जोराने ढवळतो. काठीने उष्णता येत नाही. तासभर उन्हात सोडून द्या, पाण्याचा गारवा थोडा जाऊ द्या, मग ढवळा.

याचा दुसरा प्रकार माझ्या शेजाऱ्याकडे पाहिला. दुपारी दोनला, पाणी छान कोमट असताना, त्याने १३:०:४५ चं दाट द्रावण करून ठेवलं. रात्रीची लाईट असल्याने सोडायचं होतं पहाटे तीनला. वेंचुरी सुरू केली तर ओढेना. सक्शनची नळी काढून बॅटरीच्या उजेडात धरली, तर आत काचेसारख्या सुया. नखाएवढ्या लांब, स्वच्छ, चकचकीत, एकमेकींत अडकून नळीच्या तोंडाची जाळी पार बुजवलेली. तो म्हणाला, "बर्फ झालाय का हो?" ते पोटॅशियम नायट्रेटच होतं. दुपारी विरघळलेलं, रात्री पाणी गार झाल्यावर पुन्हा खडा होऊन बाहेर पडलेलं. नळी बादलीभर कोमट पाण्यात टाकली, पाच मिनिटांत मोकळी. रात्रभर ठेवायचं द्रावण असेल तर दुपारच्या पाण्याचं माप धरू नका, पहाटेच्या पाण्याचं धरा.

पाणी कुठलं घ्यायचं, यावर मी दोन हिवाळे गंमत म्हणून नोंदी ठेवल्या. शेततळ्याचं किंवा टाकीत रात्रभर राहिलेलं पाणी सकाळी १२-१४ अंश. त्याच वेळी विहिरीतून ताजं उपसलेलं पाणी २२-२३. पहाटे मोटर सुरू केल्यावर पाईपच्या तोंडातून वाफा निघतात, त्या याच. जमिनीखालचं पाणी हवेबरोबर गार होत नाही. त्यामुळे ड्रम नेहमी ताज्या विहिरीच्या पाण्याने भरायचा. आमच्या अर्ध्या तक्रारी इथेच संपल्या. विहीर लांब असेल तर ड्रम आदल्या दिवशी भरून दुपारच्या उन्हात ठेवा आणि खत तीनच्या सुमाराला टाका. पाणी चुलीवर किंवा हीटरवर तापवायच्या भानगडीत पडू नका. विशेषतः १३:०:४५ जाळाजवळ नेऊच नका, ते ज्वलनाला मदत करणारं रसायन आहे.

आणि टाकायची पद्धत. आधी पाणी, मग खत. रिकाम्या ड्रममध्ये बॅग उलटी करून वर नळी सोडली की तळाशी खताची ढेप बसते. वरचं पाणी तृप्त होतं आणि खालच्या ढेपेपर्यंत ताजं पाणी पोचतच नाही. पाऊण ड्रम भरा, दोन-दोन किलो सोडत ढवळा, शेवटी उरलेलं पाणी. काही जण जुन्या गोणपाटात खत बांधून पाण्याच्या वरच्या थरात लटकत ठेवतात. जड झालेलं द्रावण खाली उतरतं, हलकं पाणी वर येतं, ढवळायचे कष्ट वाचतात. युक्ती जुनी आहे, पण मला तीच सगळ्यांत आवडते.

इथपर्यंतची गोष्ट थंडीची होती. पण काही ड्रममधला साका कोमट पाण्यातही जात नाही. तिथे विचारायचं ते वेगळं: सोबत काय टाकलं होतं?

पोटॅशियम सल्फेट एकटं पाण्यात गेलं की त्याचे दोन भाग सुटे फिरतात, पोटॅशियम आणि सल्फेट. पोटॅशियमवर विद्युतभार एकच, आकार मोठा, कुणाला घट्ट धरण्याचा त्याचा स्वभाव नाही. अल्कधर्मी धातूंचे क्षार एवढे विरघळतात ते बहुतांशी यामुळेच. पण त्याच ड्रममध्ये तुम्ही कॅल्शियम नायट्रेट टाकलंत तर सल्फेटला कॅल्शियम भेटतं. दोन भारांचं कॅल्शियम आणि दोन भारांचं सल्फेट, पक्कं जमतं. तयार होतं जिप्सम, आणि लिटरभर पाणी जिप्सम धरतं ते जेमतेम सव्वादोन-अडीच ग्रॅम. हिशेब करून पाहिला: २०० लिटरमध्ये ५ किलो ०:०:५० आणि ५ किलो कॅल्शियम नायट्रेट टाकलं तर तीन किलोहून जास्त जिप्समचा चिखल तळाला बसतो. दोन्ही खतं स्वतंत्रपणे शंभर टक्के विद्राव्य. पोटॅशियम बिचारं अजून पाण्यातच आहे, नायट्रेटही आहे. गेलं ते कॅल्शियम आणि गंधक. साका पाहून नाव मात्र पोटॅशचं खराब होतं.

०:५२:३४, म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, आणि कॅल्शियम नायट्रेट एकत्र केलं तर दुधासारखं पांढरं होतं, ते कॅल्शियम फॉस्फेट. मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम नायट्रेट, पुन्हा जिप्सम. थोडक्यात, कॅल्शियम नायट्रेटला वेगळा ड्रम आणि वेगळा दिवस. तेवढं पाळलं की भांडण मिटतं.

एक जोडी मात्र भल्याभल्यांना फसवते: १३:०:४५ आणि ०:०:५० एकाच ड्रममध्ये. दोन्ही पोटॅशचीच, त्यात भांडण कसलं? भांडण नाही, गर्दी आहे. पोटॅशियम नायट्रेटने पाण्यात आधीच भरपूर पोटॅशियम सोडलेलं असतं. मग पोटॅशियम सल्फेटला आणखी पोटॅशियम घेऊन आत शिरायला जागा उरत नाही. एकट्याने विरघळलं असतं त्याहून ते बरंच कमी विरघळतं आणि पांढरी वाळू होऊन खाली बसतं. बारावीला याला समआयन परिणाम म्हणत, आणि त्यावर हमखास एक गणित असे. त्या गणिताचा उपयोग मला वयाच्या पस्तिशीत, गुडघ्यावर बसून ड्रम खरवडताना कळला.

जड पाण्याच्या बोअरवाल्यांसाठी एक गोष्ट. ०:०:५० नीट विरघळलं, तळ साफ आहे, पण ड्रममधलं पाणी किंचित गढूळ दिसतं. त्या पाण्यातलं मूळचं कॅल्शियम दाट सल्फेटशी जुळून थोडं जिप्सम होतं. २०० लिटरमागे मूठभरसुद्धा नसतं. अर्धा तास निवळू द्या आणि सक्शनची नळी तळापासून चार बोटं वर बांधा. मुख्य लाईनमध्ये गेल्यावर द्रावण इतकं पातळ होतं की पुढे त्रास राहत नाही.

साका नेमका कशाचा, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेचा पेला, कोमट पाणी आणि थोडं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल पुरतं. चमचाभर साका पेलाभर कोमट पाण्यात टाका. विरघळला तर ते तुमचंच खत आहे, पाणी गार होतं नाहीतर माप जास्त झालं होतं. दुकानदाराला फोन करू नका. नाही विरघळला तर वरचं पाणी ओतून द्या आणि साक्यावर आम्लाचे थेंब टाका. फसफसला तर कार्बोनेट, म्हणजे तुमच्या जड पाण्याचा चुना. न फसफसता गेला तर बहुधा फॉस्फेट, म्हणजे ०:५२:३४ किंवा १२:६१:० कॅल्शियमच्या तावडीत सापडलं होतं. बराचसा तसाच राहिला आणि सोबत कॅल्शियम नायट्रेट टाकलं असेल तर जिप्सम. आणि साका लालसर असेल तर आठवून पाहा, कोणी स्वस्तात लाल पोटॅश टाकलं होतं का. त्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. पोटॅशियम क्लोराइड विरघळून जातं आणि तो गेरूसारखा गाळ मागे राहतो. ते ठिबकसाठी नाहीच, आणि द्राक्षाला क्लोराइड मानवतही नाही.

या सगळ्या चाचण्यांतून जाऊनही तळाला वाळूसारखं काही हट्टाने राहिलं तर मग भेसळीची शंका घ्या. पण उघडी बॅग आणि ड्रमचा साका घेऊन भांडायला जाऊ नका, त्याला पुरावा म्हणून किंमत नाही. खत नियंत्रण आदेश १९८५ खाली नमुना घ्यायचं काम खत निरीक्षकाचं. तालुका कृषी कार्यालयात अर्ज द्या आणि सीलबंद बॅग व पावती जपून ठेवा.

ड्रिपरपर्यंत पोचलेलं निस्तरायचं कसं, तेही यावरूनच ठरतं. नुसतं पोटॅश अडकलं असेल तर शेवटची बुचं काढा आणि दुपारी साध्या पाण्याने लॅटरल, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्या, फ्लश करा, तेवढ्याने जातं. चुना किंवा फॉस्फेट असेल तर आम्ल प्रक्रिया. शेवटच्या ड्रिपरला पाण्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास येईपर्यंत आम्ल सोडायचं, मग संच बंद करून ठेवायचा आणि नंतर भरपूर फ्लश. पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीच नाही, आणि हातमोजे-चष्म्याशिवाय कॅनला हात लावू नका. इथे एक चूक हमखास होते. चुन्यासाठी सल्फ्युरिक वापरतात, कारण ते स्वस्त मिळतं. सल्फ्युरिक चुन्याला मारतं आणि त्याचं जिप्सम करून ठेवतं. फसफसलं, म्हणजे साफ झालं, असं वाटतं. पंधरा दिवसांनी टोकाच्या वेली पिवळ्या दिसल्या की कळतं. आणि मुळात जिप्समच असेल तर आम्ल ओतून विशेष काही होत नाही. भरपूर साधं पाणी आणि वेळ, हाच उपाय. फार बुजलेले ड्रिपर सरळ बदला, मजुरी परवडत नाही.

आता माझं हिवाळ्याचं माप. २०० लिटरच्या ड्रमला, ताज्या विहिरीच्या पाण्यात, ०:०:५० बारा किलो. थंडीची लाट असेल तर दहा. १३:०:४५ वीस किलो. ०:५२:३४ देखील वीस, तेवढं गार पाण्यातही विरघळतं. मर्यादेच्या काठावर जायचंच नाही. बॅग फोडली की संपवलीच पाहिजे, ही सवय मोडायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. उरलेल्या बॅगेचं तोंड सुतळीने करकचून बांधून ती फळीवर ठेवतो, कारण ओल लागली की ढेप होते आणि ढेप फोडताना पुन्हा शिव्या.

ड्रमवर ऑइलपेंटने दोन रेघा मारल्या आहेत, एक पाण्याची आणि एक नळीच्या तोंडाची. काठाला दोरीने थर्मामीटर बांधलाय. वाटेकरी पहिल्या दिवशी म्हणाला, "ड्रमला ताप आलाय का?" आता तोच सकाळी आकडा ओरडून सांगतो.

आणि तळाशी राहिलेला पेल्यात विरघळणारा साका बांधावर फेकू नका. ते पैसे देऊन आणलेलं पोटॅश आहे. तसंच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी त्यावरच ताजं पाणी घ्या. फक्त नवीन खत तोलताना तेवढं कमी धरा.